मालवाहू ताफा सीएनजीवर नेताना: आधी नोझल, मग गाडी

गॅस कंपनीचा व्यावसायिक विभागाचा माणूस वाहतूकदाराच्या कचेरीत येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत हमखास एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात डिझेलवर किलोमीटरमागे येणारा खर्च असतो, उजव्या रकान्यात सीएनजीचा, आणि तळाला वर्षाची बचत जाड ठशात छापलेली असते. हा तक्ता खोटा नसतो. त्यात फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे गॅस आपोआप टाकीत येऊन बसतो. पाच ते पन्नास गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याने सीएनजीचा विचार करताना त्या गृहीतकापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पुढचे सगळे विवेचन मुंबई, ठाणे, भिवंडी, पनवेल आणि पुणे-चाकण या पट्ट्यात फिरणाऱ्या टेम्पो, पिकअप आणि आयशर वर्गातील गाड्यांना धरून केले आहे.

कंपनी तुमच्याकडे का येते, हे आधी समजून घ्या

मुंबईत महानगर गॅस ही कंपनी १९९५ पासून आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात महाराष्ट्र नॅचरल गॅस, म्हणजे एमएनजीएल, हे काम करते. मुंबईतील टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आल्या त्यामागे प्रदूषणाविषयीच्या न्यायालयीन आदेशांचा रेटा होता. मालवाहू गाड्यांवर तसा रेटा नाही. त्यामुळे टेम्पोमालकाला गॅसकडे वळवायचे तर कंपनीला त्याचे मन वळवावे लागते, सवलती द्याव्या लागतात. महानगर गॅसने २०२३ मध्ये ‘सीएनजी महोत्सव’ या नावाने व्यावसायिक वाहनांसाठी अशीच एक योजना काढली होती, आणि वाहन उत्पादकांना बरोबर घेऊन अशा योजना अधूनमधून निघत असतात.

या गरजेमागचा हिशोब साधा आहे. चार माणसांच्या घरात स्वयंपाकाला महिनाभरात दहा-बारा किलोच्या आसपास पाइप गॅस जळतो. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर धावणारा एक पिकअप तेवढा गॅस दीड दिवसात संपवतो. दहा पिकअपचा मालक म्हणजे कंपनीच्या दृष्टीने एक छोटी वसाहतच, आणि तीही जिन्याजिन्याने पाइप न नेता मिळणारी. तेव्हा बोलणी करताना आपण काही मागायला आलो आहोत अशा सुरात बोलण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची वही

कोणतीही गाडी निवडण्याआधी प्रत्येक गाडीची पंधरा दिवसांची नोंद ठेवा. सकाळी कुठून निघाली, किती किलोमीटर झाले, भरलेली किती आणि रिकामी किती धावली, घाट लागला का, दुपारी कुठे उभी राहिली आणि रात्री कुठे लागली, एवढे पुरे. जीपीएस बसवलेले असेल तर निम्मे काम झालेले असते; मात्र ‘दुपारी कुठे उभी राहिली’ हे चालकालाच विचारा, कारण माल उतरेपर्यंतचा रिकामा वेळ हीच पुढे गॅस भरण्याची वेळ ठरू शकते.

या वहीतून गाड्यांचे तीन गट आपोआप पडतात. रोज संध्याकाळी आपल्याच गोदामावर परतणाऱ्या आणि ठरलेल्या मार्गांवर फिरणाऱ्या गाड्या सीएनजीला सर्वांत योग्य. रोजचा पल्ला अनिश्चित असलेल्या, आज वसई तर उद्या संगमनेर अशा गाड्या दुसऱ्या फेरीसाठी ठेवाव्यात. तिसरा गट लांब पल्ल्याच्या जड ट्रकांचा. त्यांचा प्रश्न सीएनजीने फारसा सुटत नाही, कारण पुरेसा गॅस वाहून न्यायचा तर टाक्यांचे वजन मालाच्या वजनातून वजा होते. त्यांच्यासाठी उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप केलेला एलएनजी हा वेगळा मार्ग आहे. नागपूर-कामठी मार्गावर जुलै २०२१ मध्ये त्याचा पंप सुरू झाला आणि चाकणला २०२२ पासून एलएनजी ट्रकही तयार होऊ लागले. पण तो स्वतंत्र विषय आहे.

घाटाची नोंद मी मुद्दाम सांगितली. पेट्रोल इंजिनाला गॅसवर चालवण्याचे किट बसवले की गॅस हवेची काही जागा घेतो आणि ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. कंपनीतूनच सीएनजी म्हणून आलेल्या गाड्यांत हा फरक बराच सावरलेला असतो, तरी इंजिन सावकाश फिरत असताना डिझेलला जी ओढ असते, ती स्पार्कवर चालणाऱ्या इंजिनात येत नाही. कसारा किंवा बोरघाट रोज भरल्या गाडीने चढायचा असेल, तर तशाच गाडीची, तेवढाच माल भरून चाचणी मागा. मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची फेरी मारून काहीच कळत नाही.

दुसरी पायरी: पंपावर स्वतः जाऊन उभे राहा

सगळे सीएनजी पंप एकसारखे नसतात, आणि हा फरक ताफ्याच्या मालकाला माहीत असलाच पाहिजे. ज्या पंपाला पाइपलाइन थेट जोडलेली आहे आणि जिथे कॉम्प्रेसर आहे, त्याला ऑनलाइन पंप म्हणतात. मदर स्टेशन हे त्याचेच मोठे रूप. तिथे गाड्यांत गॅस भरतातच, शिवाय ट्रकवर रचलेल्या सिलिंडरांच्या संचात, म्हणजे कॅस्केडमध्येही भरला जातो. तो कॅस्केड ज्या पंपावर जाऊन लागतो ते डॉटर स्टेशन, आणि तिथे दाब वाढवणारे यंत्र असेल तर डॉटर बूस्टर. बूस्टर नसलेल्या डॉटर पंपावर कॅस्केड ताजा असतो तोवर गाडी चांगली भरते. तो उतरत गेला की दाब पडतो आणि टाकी अर्धीच भरून नोझल थांबते. ‘प्रेशर नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त अशाच पंपांवर ऐकू येते.

म्हणून आपल्या गोदामापासून पाच-सहा किलोमीटरच्या आतील प्रत्येक पंपावर तीन वेळा जा: सकाळी सहाला, दुपारी चारच्या सुमारास रिक्षांची पाळी बदलते तेव्हा, आणि रात्री अकरानंतर. घड्याळ लावून रांगेतल्या शेवटच्या गाडीला किती वेळ लागतो ते लिहा. आयशरसारखी लांब गाडी वळून नोझलपर्यंत पोहोचते का, पंपाचे छप्पर तिच्या उंचीला पुरते का, हेही बघा. रिक्षांसाठी आखलेल्या कित्येक पंपांवर चौदा फुटी बॉडीची गाडी आत शिरली की मागची रांग रस्त्यावर जाते आणि मग सगळ्यांचीच तोंडे सुटतात.

भरतानाचा काटाही नीट वाचायला शिका. सीएनजी २०० बारच्या दाबाने भरला जातो. गॅस झपाट्याने आत शिरताना टाकी तापते, तापलेला गॅस जागा जास्त व्यापतो आणि काटा २०० ला टेकला तरी आत बसलेले वजन कमी असते. एका वाहतूकदाराच्या नव्या टेम्पोबाबत मी हे स्वतः पाहिले आहे: मे महिन्यातल्या दुपारी टाकी ‘फुल’ केली, आणि गाडी जागची न हलता दुसऱ्या दिवशी सकाळी काटा १८० च्या खाली होता. चालकाने गळती समजून गाडी थेट सर्व्हिस सेंटरला नेली. गळती नव्हती, रात्रीत गॅस थंड झाला होता, इतकेच. पैशांच्या बाबतीत ग्राहकाचे यात नुकसान होत नाही, कारण पंपावरचे यंत्र गॅस किलोत मोजते. नुकसान होते ते पल्ल्याचे. साठ लिटर पाणी मावणाऱ्या टाकीत कागदावर दहा किलो गॅस बसतो. हिशोब करताना आठ किलोच धरा.

तिसरी पायरी: खरा हिशोब

आता तो तक्ता पुढे घ्या. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत; त्यांच्या जागी स्वतःच्या वहीतले आणि त्या दिवशीच्या भावाचे आकडे घाला. समजा, दीड टनी पिकअप डिझेलवर लिटरला १२ किलोमीटर ॲव्हरेज देतो आणि डिझेल ९० रुपये आहे. किलोमीटरमागे साडेसात रुपये झाले. तीच गाडी सीएनजीवर किलोला १४ किलोमीटर देते आणि गॅस ८० रुपये आहे. किलोमीटरमागे ५ रुपये ७१ पैसे झाले. रोज १२० किलोमीटर आणि वर्षाला ३१२ दिवस धरले, तर ३७,४४० किलोमीटरवर सुमारे ६६,८०० रुपये वाचतात. कंपनीचा तक्ता इथे संपतो.

पंपावर जाऊन येण्यासाठी रोज सहा किलोमीटर जास्तीचे होत असतील, तर वर्षाला सुमारे १०,७०० रुपयांचा गॅस त्यातच जळतो. रांगेत रोज पाऊण तास जात असेल, तर वर्षाचे २३४ तास झाले. गाडी आणि चालक मिळून एका तासाची किंमत २०० रुपये धरली, तर ४६,८०० रुपये. सहासष्ट हजारांतून हे दोन्ही वजा केले की हातात नऊ-साडेनऊ हजार उरतात. आता तीच गाडी रात्री अकरानंतर भरली आणि वेळ दहा मिनिटांवर आला, तर रांगेचा खर्च १०,४०० वर उतरतो आणि बचत पंचेचाळीस हजारांच्या पुढे जाते. गाडी तीच, गॅस तोच, भावही तोच. म्हणूनच मी ‘आधी नोझल’ म्हणतो.

तासाची किंमत शून्य धरणारे मालक मला बरेच भेटतात. ‘चालक पगारीच आहे, उभा राहील रांगेत,’ असे ते म्हणतात. पण त्या पाऊण तासात एक फेरी बुडत असेल, तर दोनशे रुपयेही कमीच धरले म्हणायचे. उलट, गाडी एरवीही गोदामाच्या दारात नंबर लागेपर्यंत उभीच राहणार असेल, तर तो तास खरोखर फुकट आहे. हे वहीशिवाय कळत नाही.

डिझेलच्या बाजूला एक खर्च विसरू नका. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारे द्रावण, घालावे लागते आणि काजळी पकडणारा फिल्टर सांभाळावा लागतो. सीएनजी गाडीला हे दोन्ही नाही. गॅसच्या बाजूला स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल लवकर बदलावे लागतात, एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा लागतो आणि टाकीची चाचणी करून घ्यावी लागते. टाक्यांच्या वजनाइतका माल कमी भरता येतो. पोलादी टाकीचे वजन ढोबळमानाने लिटरमागे एक किलो असते. पाव-बिस्किटे वाहणाऱ्याला याचे काही वाटणार नाही, लाद्या वाहणाऱ्याला वाटेल. आणि सीएनजी जीएसटीबाहेर आहे, त्यावर व्हॅट लागतो. त्यामुळे भरलेल्या कराचा परतावा मिळेल असे मनात धरू नका.

भावाची चढउतार

मुंबईत १ एप्रिल २०२२ रोजी सीएनजीचा भाव किलोला ६० रुपयांवर आला, कारण राज्य सरकारने त्या दिवसापासून व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्के केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तोच भाव ८९ रुपये ५० पैसे झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशी गॅसची किंमत ठरवण्याची पद्धत बदलून तिला कमाल मर्यादा घातली, तेव्हा तो ७९ वर आला, आणि मार्च २०२४ मध्ये ७३ रुपये ५० पैसे झाला. त्यानंतर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर गॅस कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी गॅसचा वाटा कापण्यात आला आणि भाव पुन्हा वर सरकले. हा वाटा कमी झाला की कंपनीला महाग गॅस घेऊन भर घालावी लागते, आणि पंपावरचा भाव तिचा तिलाच ठरवता येतो.

आपल्या उदाहरणात डिझेल ९० वरच ठेवून गॅस ८९ रुपये ५० पैसे धरला, तर रांग आणि वळसा वजा करण्याआधीची बचत सुमारे ४१,४०० वर येते. ७३ रुपये ५० पैसे धरला तर ८४,००० च्या पुढे जाते. गाडीच्या कर्जाचा हप्ता बसवताना यातला वाईट आकडा घ्या. चांगल्या आकड्यावर हप्ता बांधलेले लोक २०२२ च्या दिवाळीत काय बोलत होते, ते मला चांगले आठवते.

चौथी पायरी: कंपनीशी बोलणी

अधिकारी पुन्हा येईल तेव्हा वही पुढे ठेवून बोला. ‘रोज अमुक किलो, रात्री अकरा ते पहाटे पाच, अमुक भागात’ अशी नेमकी मागणी सांगणारा ग्राहक त्यांना क्वचितच भेटतो, आणि त्याच्यासाठी वरच्या साहेबांकडून मंजुरी आणणे त्यांनाही सोपे जाते. सवलतीच्या रकमेवर आधी अडू नका. पहिली मागणी ठरावीक पंपावर, ठरावीक वेळेत, मोठ्या गाड्यांसाठी एक नोझल मोकळे ठेवण्याची करा. पंप तेल कंपनीच्या विक्रेत्याचा असेल तर असे आश्वासन गॅस कंपनी एकटी पाळू शकत नाही. विक्रेत्यालाही त्याच बैठकीला बोलवा.

सवलत इंधन-कार्डावर मिळत असेल तर ती एकरकमी जमा होते की हप्त्याहप्त्याने, किती मुदतीत वापरावी लागते, गाडी विकली तर उरलेल्या रकमेचे काय होते, आणि किमान खपाची अट आहे का, हे लेखी घ्या. कार्डाचा दुसरा उपयोग सवलतीहून मोठा आहे: कोणत्या गाडीने कधी, कुठे, किती किलो भरला याचा महिन्याचा उतारा मिळतो आणि ॲव्हरेज पडलेली गाडी लगेच सापडते.

ताफा मोठा असेल आणि आवारात जागा असेल, तर आपल्याच आवारात पंप मागता येतो. बेस्टच्या आगारांत सीएनजी भरण्याची सोय झाली ती याच विचारातून. लहान वाहतूकदाराने एकट्याने हे मागण्यात अर्थ नाही. पण एकाच गोदाम-संकुलातील सात-आठ वाहतूकदारांनी आपला रोजचा खप एकत्र मांडला, तर संकुलाच्या दाराशी पंप टाकण्याचा विचार कंपनी नक्की करते. भिवंडीसारख्या ठिकाणी गाळ्याला गाळा लागून असताना हे अजून फारसे झालेले दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

पाचवी पायरी: नवी गाडी की किट

ताफ्यासाठी कंपनीतूनच सीएनजी म्हणून आलेली गाडी घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या हत्तीपासून आयशरपर्यंत आणि आता जड ट्रकांतही ती मिळते, वॉरंटी शाबूत राहते आणि टाक्या चॅसिसवर योग्य जागी बसवलेल्या असतात.

जुन्या गाडीला किट बसवायचेच असेल, तर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेला नियम पाहा. त्याने बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवण्याची, आणि साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचे इंजिन काढून सीएनजी इंजिन घालण्याची मुभा दिली. किटला त्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि ती तीन वर्षांसाठीच असते. त्यामुळे बसवणाऱ्याकडे मान्यतापत्राची तारीख मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हा बदल आरटीओकडे नोंदवून आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो, आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत तशी नोंद करावी लागते. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि अपघातानंतर दावा तिथेच अडकतो.

टाकीचे कागद

टाकी हा गाडीचा सुटा भाग नाही, कायद्याच्या दृष्टीने ती दाबाखालची गॅस टाकी आहे आणि तिच्यावर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेची देखरेख असते. दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात हायड्रो टेस्ट करावी लागते: टाकी उतरवून, रिकामी करून, पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक दाब देतात. गाडी त्यासाठी एक-दोन दिवस उभी राहते. दहा गाड्या एकाच महिन्यात घेतल्या असतील तर तीन वर्षांनी दहाही एकदम उभ्या राहतील. म्हणून मुदत संपण्याची वाट न पाहता चाचण्या चार-पाच महिन्यांत पसरवा. परत आलेल्या टाकीवरचा ठोकलेला क्रमांक प्रमाणपत्राशी आणि गाडीवरच्या प्लेटशी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहा. एका केंद्राने माझ्या ओळखीतल्या मालकाला दुसऱ्याच गाडीचे प्रमाणपत्र दिले होते, आणि ते उघडकीला आले पंपावर, मागे अकरा गाड्या उभ्या असताना.

आवार आणि चालक

सीएनजी हवेपेक्षा हलका असतो. गळला तर वर चढतो. एलपीजी जमिनीलगत साचतो, म्हणून त्याची सवय असलेले मेकॅनिक खाली वास घेतात आणि छताकडे पाहत नाहीत. गाड्या बंद शेडमध्ये लागत असतील तर छताच्या सर्वांत उंच भागाला हवा जाण्याची वाट ठेवा आणि तिथले दिवे व पंखे विजेच्या जाणकाराकडून तपासून घ्या. टाकीच्या जवळ वेल्डिंग करायचे असेल तर टाकी आधी उतरवली पाहिजे. बॉडी दुरुस्त करणाऱ्याला हे दर वेळी नव्याने सांगावे लागते. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती पाहण्याचे काम आठवड्याला एकदा, ठरलेल्या माणसाने, वहीत सही करून करावे.

चालकांना भरतानाचे नियम ठाऊक असतात: इंजिन बंद, सगळे खाली, फोन खिशात. त्यांना शिकवायचे ते वेगळेच. काटा लाल रेघेवर येईपर्यंत थांबू नये, पाव टाकी उरली की जवळच्या मोकळ्या पंपावर भरून घ्यावे. आणि ॲव्हरेजचा भत्ता देत असाल तर तो किलोमागे किलोमीटर धरूनच ठरवा. डिझेलच्या लिटरचा जुना तक्ता तसाच चालू ठेवला की महिन्याच्या अखेरीस भांडण ठरलेले.

सुरुवात तीन गाड्यांनी

पहिल्या गटातल्या तीन गाड्या घ्या आणि तीन महिने चालवा. त्यांतला एक महिना उन्हाळ्याचा असेल तर उत्तम, कारण कमी भरण्याचा त्रास तेव्हाच खरा दिसतो. प्रत्येक भरण्याची वेळ, रांगेची मिनिटे, मिळालेले किलो आणि बुडालेल्या फेऱ्या लिहा, आणि तिसऱ्या पायरीतला हिशोब खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडा.

उरलेली जुनी डिझेल गाडी लगेच विकू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेच्या आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनकडे, म्हणजे शहराच्या जाळ्यात गॅस जिथून शिरतो त्या केंद्राकडे, येणारा पुरवठा अडला, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले कित्येक पंप दोनेक दिवस बंद किंवा अर्धवट चालू राहिले. रिक्षा-टॅक्सींच्या रांगा तेव्हा सगळ्यांनीच पाहिल्या. काही लहान मालवाहू सीएनजी गाड्यांना पाच लिटरची पेट्रोलची टाकीही असते. ती कोरडी ठेवण्याची सवय चालकांना असते, कारण पेट्रोलचे पैसे मालक देत नाही. ते पेट्रोल कोणाच्या खात्यात, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि दर सोमवारी टाकी भरलेली आहे ना, ते पाहा.